सोलकढीचा मिक्सर आणि हेलन ट्राउबेल

गुरुजींचा निरोप घेऊन त्यांचा नातू आला तेव्हा मी खळ्यात सोलं वाळत घालत होते. हात लाल, पदरही लाल. पोरगा स्कूटरवरून खाली उतरलासुद्धा नाही. "काकी, यंदा पुण्यतिथीच्या कार्यक्रमात तुमचं गाणं ठेवलेलं नाही. आजोबा म्हणाले, एखाद-दोन वर्षं राहू दे, मग बघू." चहा टाकते म्हटलं तर गाडी वळवून गेलाही.

राहू दे म्हणजे काय ते मला कळलं. गुन्हाही ठाऊक होता. नोव्हेंबरपासून दर शनिवारी मी तारकर्लीच्या बाजूला एका रिसॉर्टवर गात होते. रात्री आठ ते साडेनऊ, दीड हजार रुपये आणि जेवण. मालकाची मुलगी माझ्याकडे शिकायची, त्या ओळखीने त्याने विचारलं. पुण्या-कोल्हापूरकडची माणसं दिवसभर बोटीतून फिरून, उन्हाने भाजून येतात आणि सुरमईचे काटे काढत बसतात. समोर मी, तबल्यावर आमचा एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर आणि एक इको जास्त झालेला माइक. दोन नाट्यगीतं, एक अभंग, मग फर्माईश म्हणून जुनी सिनेमाची गाणी. अभंगाच्या ऐन आलापात आतल्या खोलीत सोलकढीसाठी खोबरं वाटायला मिक्सर लागतो. त्याचा सूर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे कुठेतरी आहे. मी मोजलाय.

गावात बातमी पसरायला आठवडा लागला नाही. भजनी मंडळातल्या एका वहिनीने विहिरीवरच धरलं. "गो, तू हॉटेलात गाणा म्हणतंस, असा लोक म्हणतत. खरा काय ता?" म्हटलं, खरं. त्या नुसत्या "अगे बाय माझे" एवढंच म्हणाल्या. त्यात सगळं आलं.

तर निरोप आला त्या संध्याकाळी मी शेजारच्या मामांकडे जाऊन बसले. मामा तीस वर्षं परदेशी मालवाहू बोटींवर होते, शेवटी सारंग म्हणून उतरले. त्यांच्या माळ्यावर जगातला कचरा आहे: हॅम्बुर्गचं घड्याळ, सिंगापूरची छत्री आणि न्यूयॉर्कच्या फुटपाथवरून अर्ध्या डॉलरला घेतलेल्या रेकॉर्डींचा गठ्ठा. वाजवायचं यंत्र कधीच बंद पडलंय. रेकॉर्डी मात्र ते दर पावसाळ्याआधी पुसून ठेवतात. माझी कथा ऐकून ते उठले आणि एक रेकॉर्ड घेऊन आले. कव्हरवर एक भरदार बाई. "ह्या बाईचा गाणा माका कळणा नाय. पण एकदा बंदरावर टीव्हीवर बघितलंय हिका. हसता कशी, माहीत आसा? सगळी बोट हलात अशी. आणि हीसुद्धा मोठ्या थेटरातसून हॉटेलात गेली, असा आमचो कॅप्टन सांगी."

नाव हेलन ट्राउबेल. त्या रात्री लाईट गेली होती, मोबाईलला पस्तीस टक्के बॅटरी होती आणि मी ती सगळी तिच्यावर घालवली. पुढचे दोन महिने इंग्रजी वाचताना डिक्शनरी बाजूला ठेवून तिच्यामागे लागले. म्हणून हे लिहिते आहे.

ती मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुईस गावची. जर्मन वंशाचं घर, वडिलांचं औषधांचं दुकान. जन्म १८९९ चा. पुढे बराच काळ मात्र छापून यायचा तो १९०३. आमच्याकडे अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा आहे, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तो लिहिला. तेव्हा मी यावर काही बोलणार नाही.

आवाज सोप्रानो. म्हणजे बायकांच्या आवाजांतली सगळ्यात वरची जात. पण त्यातही पोटजाती आहेत. काही सोप्रानो मैनेसारख्या वर भिरभिरतात. हिचा आवाज जाड आणि रुंद, वाग्नर गाणारा. रिखार्ड वाग्नर या जर्मन संगीतकाराचे ऑपेरा, म्हणजे तिकडची संगीत नाटकं, चार-चार, पाच-पाच तास चालतात, समोर नव्वद-शंभर वाद्यांचा ताफा असतो, आणि गाणाऱ्या बाईपुढे माइक नसतो. न्यूयॉर्कच्या जुन्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये साडेतीन हजारांवर माणसं बसत. शेवटच्या गॅलरीतल्या माणसापर्यंत तो आवाज नुसत्या छातीच्या बळावर पोचवायचा. माइक येण्याआधी जत्रेत रात्रभर दशावतार करणाऱ्या नटांचे गळे कसले असत, ते वडील सांगायचे. त्याच्या कितीतरी पुढचं हे प्रकरण.

मला तिच्यात सगळ्यात आधी आवडली ती तिची सबुरी. १९२६ साली मेट्रोपॉलिटनने तिला बोलावलं तर ही म्हणाली, अजून शिकायचंय. आणि परत गेली सेंट लुईसला, चर्चमध्ये गात राहिली, शिकत राहिली. अकरा वर्षं! शेवटी वॉल्टर डॅमरॉश या संगीतकाराने तिला ऐकलं आणि आपल्या नव्या ऑपेरात तिच्यासाठी भूमिकाच लिहिली, तेव्हा १९३७ साली ती त्या रंगमंचावर उभी राहिली. वय सदतीस. माझ्याकडे दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांच्या आया विचारतात, टीव्हीवरच्या स्पर्धेला कधी पाठवायचं. त्यांना हे सांगून बघितलं. उपयोग झाला नाही.

तेव्हा वाग्नरची राणी होती नॉर्वेची कर्स्टेन फ्लागस्टाड. १९४१ साली, ऐन महायुद्धात, ती नवऱ्याकडे मायदेशी परतली, आणि ती जागा ट्राउबेलकडे आली. त्याच वर्षी टोस्कानिनी या नामांकित वाद्यवृंद-संचालकांनी तिला आपल्या वाद्यवृंदाबरोबर गायला बोलावलं. ते ध्वनिमुद्रण मी ऐकलं आहे. वाग्नरची नायिका ब्रुनहिल्डे चितेत घोडा घालते तो शेवटचा भाग. भाषा कळत नाही, राग नाही, समेवर यायची सोय नाही. पण ती मधल्या सप्तकात जेव्हा स्वर धरते तेव्हा तो खांबासारखा उभा राहतो. मी स्वयंपाकघरात उभी होते, गॅस बंद केला.

पुढची दहा-बारा वर्षं तिची होती. आणि या देवीला बाकीचे नाद काय, तर बेसबॉल. सेंट लुईस ब्राउन्स नावाच्या गावच्या संघात तिने भागी घेतली होती. संघ कायम तळाला. १९५१ साली तिच्या नावावर एक रहस्यकथा निघाली, त्यात खून कुठे होतो तर मेट्रोपॉलिटन ऑपेरातच. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची मुलगी मार्गारेटही सोप्रानो, तिला ही गाणं शिकवत असे. मार्गारेटच्या गाण्यावर एका समीक्षकाने वाईट लिहिलं, तेव्हा बापाने, म्हणजे देशाच्या अध्यक्षाने, त्याला पत्र धाडलं की भेटलास तर तुला नवं नाक लागेल. १९५० ची गोष्ट. पालक सगळीकडचे सारखेच. फक्त आमच्याकडच्यांजवळ अणुबॉम्ब नसतो.

आणि तिला विनोदाचं अंग होतं. जिमी ड्युरँटे नावाचा घोगऱ्या आवाजाचा, मोठ्या नाकाचा विनोदी नट होता, त्याच्याबरोबर ती टीव्हीवर धमाल करायची. ते मी पाहिलं. मामा म्हणाले ते खरं. ती हसते तेव्हा खांद्यांपासून पोटापर्यंत सगळी हसते. वाग्नरची देवी असं हसताना बघून तेव्हाच्या काही रसिकांच्या पोटात गोळा आला असणार.

आता १९५३. शिकागोचा शे पारी, न्यूयॉर्कचा कोपाकबाना, असे नाइटक्लब होते. टेबलं, सिगारेटचा धूर, काचेचे ग्लास, पिसं लावून नाचणाऱ्या मुली. ट्राउबेलने तिथे गायचं ठरवलं. मेट्रोपॉलिटनचे व्यवस्थापक होते रुडॉल्फ बिंग, व्हिएन्नात जन्मलेले, शिस्तीचे, जिभेला धार असलेले. त्यांना हे पसंत पडलं नाही. त्यांनी तिला पत्र लिहिलं. मथितार्थ असा, की मग एखादं वर्ष आमच्याकडे गाऊ नका, पुन्हा गंभीर कलेकडे वळावंसं वाटेल तेव्हा बघू.

एखादं वर्ष राहू दे, मग बघू!

हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले. सत्तर वर्षांचं अंतर, मधे दोन समुद्र, आणि वाक्य तेच. आमच्या गुरुजींनी बिंगसाहेबांचं नाव ऐकलेलं असणं शक्य नाही. शब्द मात्र तेच, तीच सभ्यता, आणि दार लावून घ्यायची तीच हळुवार पद्धत.

ट्राउबेलने गप्प बसून घेतलं नाही. कला ऑपेरा हाउसमध्ये सापडते आणि नाइटक्लबात सापडत नाही असं म्हणणं हा निव्वळ शिष्टपणा आहे, असं तिने जाहीर सुनावलं आणि करारावर सही केली नाही. मेट्रोपॉलिटनचं दार तिच्यासाठी बंद झालं. गंमत म्हणजे तिचा तो बेसबॉल संघही त्याच वर्षाअखेर सेंट लुईस सोडून बॉल्टिमोरला गेला.

आपल्याकडे त्याच सुमाराला काय चाललं होतं? १९५२ साली बी. व्ही. केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. शास्त्रीय तेवढं सोवळं. लोकांनी रेडिओ सिलोन लावला. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. पेटीला तर त्याच्याही आधी, १९४० पासून, रेडिओवर बंदी होती. ती १९७१ पर्यंत. माझे वडील दशावतारात पेटी वाजवायचे. कोणी या बंदीची आठवण काढली की म्हणायचे, "रेडियोक चालणा नाय, पण देवाक चालता." पेटी पुसून परत वाजवायला बसायचे.

आणि मला केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई आठवतात. इथून खाली पेडण्याची हद्द ओलांडली की गोवा. ज्या समाजात त्या जन्मल्या त्या समाजातल्या बायकांचं गाणं लोकांनी शतकानुशतकं ऐकलं आणि त्यांना मात्र उंबऱ्याबाहेर ठेवलं. त्यातून त्या दोघी कुठे जाऊन पोचल्या! केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावर बसून अंतराळात गेली. तिथे कोण ताट मांडून बसलंय, कोण पिऊन, कोणाला ठाऊक.

इथवर लिहून मी तीन दिवस थांबले होते. कारण ट्राउबेलची गोष्ट बंडाची म्हणून सांगणं फार सोपं आहे. मलाही सोयीचं. पण मी गाणारी आहे, आणि मला त्यात आणखी एक गोष्ट ऐकू येते.

१९५३ साली ती चोपन्न वर्षांची होती. पाश्चात्त्य गाण्यात सोप्रानोचा जो अगदी वरचा सी असतो, तो तिला तसा कधीच वश नव्हता, हे तिचे चाहतेही कबूल करतात. आणि वाग्नर गाताना पट्टी खाली घेऊन मोकळं होता येत नाही. शंभर वाद्यं तुमच्यासाठी पट्टी बदलत नाहीत. माझं बरं आहे. मी पस्तिशीत काळी पाचमध्ये गायचे, मग काळी चार, आता अठ्ठावन्नाव्या वर्षी काळी तीन. पेटीवर बोट एक घर सरकवलं की झालं, श्रोत्यांना कळतही नाही. गुरुजींना कळतं. ते बोलत नाहीत, नुसतं बघतात.

म्हणून मला वाटतं, त्या भांडणात मानापमान होताच, पण गळ्याचा हिशेबही असावा. अजून दहा वर्षं ब्रुनहिल्डे होऊन टिपेला ताणत राहायचं, की मधल्या सप्तकात जे सोनं शिल्लक आहे ते घेऊन दुसऱ्या ठिकाणी बसायचं? बिंगसाहेबांनी पत्र लिहून तिची एक अडचण सोडवलीसुद्धा असेल. हा माझा तर्क आहे, कुणी वाग्नरवाला वाचत असेल तर भांडायला मोकळा. पण मी रिसॉर्टला हो म्हणाले त्यात दीड हजार रुपये होते, मालकाचा आग्रह होता, आणि पुण्यतिथीच्या मैफिलीत तार षड्जावर आवाज फाटेल या भीतीने सहा महिने आधीपासून झोप उडते, हेही होतं. ते मी वहिनीला विहिरीवर सांगितलं नाही.

बरं, तिथे गाणं सोपं असतं असं कुणी समजू नये. ऑपेरात लोक अंधारात गप्प बसलेले असतात. क्लबात ते जेवत असतात. चार फुटांवर एक माणूस ग्लासात बर्फ हलवतो आहे आणि तुम्ही आयुष्यभर साडेतीन हजार माणसांच्या डोक्यावरून आवाज फेकायला शिकलात. आता माइक. माइकसमोर तेवढा आवाज लावला तर लोक कान झाकतील. सगळं लहान करायचं. श्वासाचा आवाज ऐकू जातो, ओठांचा ऐकू जातो. मला हे शिकायला पाच शनिवार लागले. पहिल्या शनिवारी मी देवळातल्यासारखी गायले तर दोन नंबरच्या टेबलावरचं बाळ रडायला लागलं. तान कमी, शब्द जास्त, आणि दोन गाण्यांच्या मधे काहीतरी बोलायचं. हे बोलणंच मला जमत नाही. ट्राउबेलला ते आधीपासून येत होतं, हसण्यासकट. नाइटक्लबात ती चालली ती निम्मी त्याच जोरावर असणार. १९५५ साली लास वेगासला रॉयल नेवाडा हॉटेल उघडलं, तेव्हा पहिल्या कार्यक्रमाला तिचंच नाव वर होतं.

सगळंच जमलं असंही नाही. त्याच वर्षी रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या जोडीच्या नव्या संगीतिकेत तिने काम केलं. भूमिका कुंटणखाना चालवणाऱ्या प्रेमळ बाईची. आमच्या वहिनींना हे सांगायची माझी हिंमत नाही. त्या जोडीच्या नावावर हजार-हजार, दोन-दोन हजार प्रयोगांची नाटकं होती. हे २४६ प्रयोगांत आटोपलं, त्यांच्या सगळ्या नाटकांत कमी. मग थोडे सिनेमे, थोडा टीव्ही. १९६० मध्ये टीव्हीवरच्या एका संगीतिकेत ग्राउचो मार्क्ससमोर ती खाष्ट म्हातारी झाली होती. १९५९ मध्ये आत्मचरित्र, त्याच्या नावातही सेंट लुईस. १९७२ च्या जुलैत सांता मोनिकाला गेली. तेही समुद्रकाठचंच गाव.

मेट्रोपॉलिटनच्या मंचावर ती पुन्हा गायली नाही. ते जुनं थिएटर १९६७ साली पाडलं.

मी गेल्या आठवड्यात मामांना हे सगळं वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते, वाटलं झोपले. शेवटी म्हणाले, "पण ती परत बोलवण्याची वाट बघी होती काय?" मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी मला विचारलं, "आणि तू?"

गुरुजी आता चौऱ्याऐंशीचे आहेत. पुण्यतिथीच्या दिवशी मी गेले होते. गायला नाही, ऐकायला. मागे खांबाला टेकून बसले. त्यांच्या नातसुनेने पूर्वी बांधला तेवढाच मोठा प्रसादाचा पुडा माझ्या हातात दिला. निघताना पाया पडले. "पट्टी कोणती धरतंस तिथे?" त्यांनी हळूच विचारलं. म्हटलं, काळी तीन. त्यांनी मान हलवली. चांगली की वाईट ते अजून मला कळलेलं नाही.

पाऊस सुरू झाला की बोटी किनाऱ्यावर चढतात आणि रिसॉर्टही तीन महिने थंड असतं. मालकाचा फोन आला होता, गणपती झाले की पुन्हा सुरू करू म्हणून. शनिवारबरोबर रविवारही हवाय त्याला. मी म्हटलं, दोन हजार, जेवण वेगळं, तबलजीचे पैसे वेगळे. तो हो म्हणाला, तेही पटकन, म्हणजे मी कमीच मागितले. पण एक अट मी कागदावर लिहून सही करून घेणार आहे: आठ ते साडेनऊ सोलकढीचं खोबरं वाटायचं नाही. आधी वाटून ठेवा.